कोंडाजीच्या ओट्यावरचं एकशे ब्याण्णव

आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे अकरा माणसं आहेत आणि त्यातली दोनशे रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात. उरलेल्या अकरांत मी. ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर मी चालवते, त्यामुळे नळाला पाणी कधी, रेशन कधी, दाखले कधी, हे ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे. मी टाकायचे आणि पाच मिनिटांत त्यावर गुलाबांचा ढीग पडायचा. त्यात आमचं गाव पवनानगरच्या पुढं, धरणाच्या कडेला. घरात फोन लागतो, पण इंटरनेट मिळतं ते फक्त शाळेच्या कोपऱ्यावर. तिथं जाऊन उभं राहिलं की कालपासूनचे गुलाब एकदम उतरतात आणि फोन तापतो.

गेल्या भाद्रपदात जनावरांचे डॉक्टर लस घेऊन आले. देवळापुढं दोन तास बसले, तीन कप चहा प्याले आणि गेले. गावात पावणेदोनशे जनावरं, पण लस टोचून घेतली चार म्हशींनी, त्यातली एक तिकडं नुसती चरायला आलेली. पुढच्या ग्रामसभेत सगळं खापर माझ्यावर फुटलं. "सारिकानं सांगाया नको व्हतं?" माझा स्वभाव तापट आहे, हे मी कबूलच करते. मी उठले आणि म्हणाले, "पंधरा दिवसांत असा फळा करून देते की त्याच्यावर गुलाब चिकटणारच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. घरी पोचेपर्यंत माझं मलाच कळेना की आता करणार काय.

मग एक आठवलं. माझं माहेर सुदुंबऱ्याचं. लग्नाआधी तळेगावात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेव्हा सरांनी एकदा एक छोटासा सर्व्हर दाखवला होता. त्यात फक्त एक फोल्डर असतो. नोटपॅडमध्ये लिहितो तसली साधी मजकुराची फाइल त्यात टाकायची. सर्व्हर ती उचलतो आणि जो मागेल त्याला नीटनेटकं वेबपेज करून दाखवतो. ओळीच्या आधी एक खूण टाकली की ठळक मथळा, दुसरी टाकली की यादी. पासवर्ड नाही, चित्रं नाहीत, कसली भानगड नाही. सगळा प्रोग्राम एका गुलाबाच्या फोटोपेक्षा लहान. आणि इंटरनेट लागतच नाही. गावात एक वायफाय लावला की त्याच्या टप्प्यातल्या कुठल्याही फोनवर पान उघडतं.

पंचायतीच्या कपाटात स्क्रीन फुटलेला एक लॅपटॉप पडून होता. "घेऊन जा बाई, झुरळं झालीत त्यात," म्हणत ग्रामसेवकांनी तो माझ्या हातात दिला. झुरळं खरंच होती. माझा नवरा संदेश तळेगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं मित्राकडून छपरावर लावायचा वायफायचा डबा आणला. फुटक्या स्क्रीनच्या जागी मी पंचायतीचा जुना मॉनिटर जोडला, सर्व्हर बसवला आणि पहिली फाइल लिहिली, "उद्या सकाळी सात वाजता पाणी सुटेल." फोनवर उघडून बघते तर ओळभर नुसती प्रश्नचिन्हं.

"बरोबरच आहे की," संदेश म्हणाला. "पाणी सुटेल का, हा प्रश्नच आहे."

मी त्याला लाटणं दाखवलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की फाइलमधली अक्षरं कुठल्या पद्धतीनं वाचायची, हे सर्व्हरला सांगायचंच राहिलंय. सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची, बस. ती टाकली आणि पान लख्ख उघडलं. स्वच्छ मराठीत. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवत बसले.

घोडं अडलं ते पुढं. डबा लावायचा कुठं? पंचायतीचं ऑफिस खोलगटात, तिथून रेंज देवळाच्याही पुढं जाईना. मग हनुमंतभाऊंच्या दुमजली बंगल्याची गच्ची बघितली. हनुमंतभाऊ म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. वय पंचाहत्तर, मनानं चांगले, पण बोलायला लागले की हुकूमच सुटतो. त्यांच्या गच्चीवरून अर्धंच गाव टप्प्यात यायचं. शेवटी संदेश डबा खांद्यावर घेऊन गावभर हिंडला आणि मी फोनकडं बघत त्याच्या मागं. सगळ्या गावाला पुरेल अशी जागा एकच निघाली, आमच्या घराचं छप्पर.

यात एक गंमत आहे. जुनं गाव धरणात गेलं आणि वर सरकलं, तेव्हा सपाट जागा ज्यांना मिळायच्या त्यांना मिळाल्या आणि आमच्या बौद्ध वस्तीच्या वाट्याला आलं हे टेपाड. पाणी चढवा, दळण चढवा, आजारी माणूस उतरवा. पन्नास वर्षांनी त्याच टेपाडाला गावातली सगळ्यात चांगली रेंज निघाली! मी हसत हसत घरी आले आणि सासऱ्यांना सांगितलं.

माझे सासरे कोंडाजी, म्हणजे आमचे आबा, आता शहात्तरीला आलेत. लोणावळ्याला रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. चौदा वर्षांत माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. फक्त म्हणाले, "न्हाई."

"आबा, वीज फार नाही लागत त्याला."

"इजेचं न्हाई. गावाची दवंडी ह्या घरातनं पुन्यांदा सुटायची न्हाई."

मला काहीच कळेना. मग आबांनी जे सांगितलं ते घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांचे वडील, गेणूबाबा, गावाची दवंडी द्यायचे. डफडं वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. कुणाचं जनावर हरवलंय, कुठला साहेब येणार आहे, कुणाच्या रानात उद्या माणसं हवीत, बोलणं सगळं दुसऱ्याचं आणि घसा यांचा. अंगात ताप असला तरी जायचं. बदल्यात दारोदारच्या शिळ्या भाकरी. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ते परत आले आणि दुसऱ्याच दिवशी डफडं चावडीच्या पायरीवर ठेवलं. सात वर्षांचे आबा तेव्हा त्यांचं बोट धरून होते.

"माजा बाप म्हन्ला, आजपासनं मी दुसऱ्याचं वरडनार न्हाई. चार महिनं गावानं आमाला काम दिलं न्हाई. आई रानातला पाला उकडून घालायची. पर बाप हटला न्हाई." आबांनी चष्मा पुसला. "अन् तू ती दवंडी परत गळ्यात घ्यायला निघालीस व्हय?"

"आबा, ही दवंडी नाही. हा सर्व्हर आहे."

"नाव बदललं म्हून काम बदलतंय व्हय?"

मी चिडले. मनात म्हटलं, म्हातारा माणूस, सत्तर वर्षांपूर्वीचं धरून बसलाय. दोन दिवस मी भांडी जरा जास्तच आपटली. तिसऱ्या दिवशी आबांनीच मला हाक मारली. "लाव तुजा डबा. पर येक अट. ह्या घरातलं कुनी दुसऱ्याचं बोलनं घेऊन गावात फिरनार न्हाई. तसं दिसलं की वायर काढीन."

"फिरायचं कशाला आबा? म्हणून तर सर्व्हर आहे," मी म्हणाले. इतक्या सहज शब्द दिला मी.

डबा छपरावर चढला, त्याखाली घरात लॅपटॉप बसला आणि पान गावभर उघडायला लागलं. त्याचा पत्ता म्हणजे नुसते आकडे, एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारे. पुढचे आकडे कुणी ध्यानात ठेवले नाहीत, फोनला ते एकदा शिकवले की झालं. गावानं त्याचं नाव ठेवून टाकलं, एकशे ब्याण्णव. "एकशे ब्याण्णवला काय आलंय?" "रेशन आलंय." जीपवाले पवनानगरहून निघायच्या वेळा कळवायला लागले. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा देवळापुढं म्हशींची एवढी रांग लागली की लस संपली. त्या दिवशी मी गावातून मान ताठ करून चालले.

लोकांनी मला मजकूर पाठवायचा आणि मी त्याची फाइल करायची, अशी रीत पडली. पण साधी सूचना लिहिणं आमच्या लोकांना ठाऊकच नाही. त्यांना येतो तो फ्लेक्स. अतुलची पिठाची गिरणी दुरुस्त झाली. सूचना ती केवढी? पण त्यानं पाठवलं ते असं. वर तीन ओळी सन्माननीय ग्रामस्थ, माता आणि भगिनी. मग गिरणी सुरू झाल्याची एक ओळ. आणि खाली चौतीस शुभेच्छुक. नमनाला घडाभर तेल! मी नावं उडवली. संध्याकाळी शुभेच्छुकांतले सहा जण तोंडं पाडून आमच्या दारात. "वैनी, आमचं काय चुकलं?" गिरणीला शुभेच्छा देण्यात त्यांचं काय चुकलं असणार? मी चौतीसच्या चौतीस नावं परत टाकली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग फोन यायला लागले. हनुमंतभाऊंच्या चिमाबाई म्हणायच्या, "सारिका, एकशे ब्याण्णववर काय लिवलंय त्ये वाचून दाव गं. माजा चष्मा गावंना." मी वाचून दाखवायची. मग आणखी दोघींना. मग म्हाताऱ्यांना, आणि मग चांगल्या धडधाकट डोळ्यांच्या माणसांनाही. ऐकणं वाचण्यापेक्षा सोपं असतं, आणि फुकट वाचणारी मिळाली तर कोण सोडतंय? माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी हनुमंतभाऊंचा फोन आला. "सारिका, उद्या मोटर बंद राहनार हाय. तू टाकलंयस, पर खालच्या आळीत कुनी बगत न्हाई. जाऊन तेवढं सांगून ये."

आणि मी गेले. चपला घातल्या आणि निघाले, खालच्या आळीत दारोदार. घरं एकमेकांपासून लांब, म्हणून रस्त्यातूनच मोठ्यानं, "उद्या मोटर बंद आहे हो! पाणी भरून ठेवा!" शेवटच्या घराशी पोचले तेव्हा घसा बसला होता. चढण चढून वर आले तर आबा ओट्यावर बसलेले आणि मांडीवर सर्व्हरची वायर.

"आलीस का दिऊन?" एवढंच विचारलं त्यांनी.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. कारण आबांचं खरं होतं. मी दिलेला शब्द मीच गावभर ओरडून मोडला होता, आणि मोडताना मला कळलंसुद्धा नव्हतं.

एकशे ब्याण्णव बंद पडल्याबरोबर गाव खडबडून जागं झालं. जीप कधी, रेशन कधी, सगळे मलाच विचारणार. हनुमंतभाऊ म्हणाले, "कोंडाजीला सांग, गावाचं काम हाय." मी म्हटलं, "तुम्हीच येऊन सांगा." ते काही आले नाहीत. ग्रामसेवक म्हणाले, दुसरीकडं कुठंतरी लावू. पण दुसरी जागा नव्हतीच, आणि खरं सांगायचं तर आबांना दुखवून मला ती नकोही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"चूक माझीच आहे, आबा. पण हे बंद पडू नये असं मला फार वाटतं. मी काय करू ते सांगा."

आबांनी पेपराची घडी घातली. "त्यो फळा कुनाचा?"

"गावाचा."

"मग खडू तुज्याच हातात कसा?"

कोर्स मी केला, सेटिंग मी शोधलं, आणि त्यातली खोट सापडली ती रेल्वेच्या मुकादमाला.

त्याच दिवशी मी मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून ओट्यावर पत्र्याखाली मांडले. कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फोल्डर उघडाच ठेवला. यायचं, लिहायचं, एक बटण दाबायचं, की झालं पान तयार. आबांनी आपल्या हातानं वायर परत जोडली. मी एकच फाइल लिहिली, "इथं ज्याचं त्यानं लिहावं आणि ज्याचं त्यानं वाचावं. दुसऱ्याचं कोणी लिहिणार नाही, वाचून दाखवणार नाही. कसं लिहायचं ते कोंडाजी आबा शिकवतील." आबा आधी स्वतः शिकले. दोन दिवस लागले. 'ज्ञ' सापडला तेव्हा त्यांनी सगळ्या घराला बोलावून दाखवला.

मग तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चिमाबाईंचा फोन आला, चष्मा न्हाई म्हणून. "शोधा," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. चष्मा तासाभरात तांदळाच्या डब्यात सापडला. पण लिहायला टेपाडावर कुणी येईना. आबा रोज सकाळी मॉनिटर पुसायचे आणि खुर्ची मांडून बसायचे. मला त्यांच्याकडं बघवेना. मनात आलं, गाव येणार नाही. आपण आबांना ओट्यावर बसवून त्यांचं हसं केलं.

चौथ्या दिवशी हनुमंतभाऊ आले. भात पिवळं झालं होतं आणि त्यांना इर्जिक घालायची होती. इर्जिक म्हणजे गावानं मिळून एका दिवसात एकाचं रान उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. दर वर्षी भाऊ निरोप द्यायला गडी पाठवायचे. यंदा गडी चाकणला कंपनीत लागला होता. भाऊ चढण चढून धापा टाकत ओट्याशी उभे राहिले. आमच्या ओट्यापर्यंत ते कधी आल्याचं आबांनाही आठवत नव्हतं.

"कोंडाजी, तेवढं लिवून टाक," भाऊ उभ्या उभ्याच म्हणाले. "शुक्करवारी इर्जिक हाय म्हनावं."

मी चहाचं भांडं हातात धरून दारातच थांबले. आबांनी नाही म्हणून त्यांना परत पाठवलं असतं तर पुन्हा कुणी वर आलं नसतं. आणि लिहून दिलं असतं तर आबांचं काय राहिलं असतं?

"बस," आबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढं सारली. "लिवनार न्हाई. शिकवीन."

"ह्या वयात?"

"माज्यापरीस सा महिन्यानं ल्हानच हायेस."

भाऊ बसले. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत, मध्ये दोन चहा घेत, त्यांनी पाऊण तासात लिहिलं, "शुक्रवारी भात काढायचे आहे. सर्वांनी सकाळी सात वाजता हजर राहावे."

आबांनी चष्मा लावून वाचलं. "ह्यो हुकूम झाला."

"मग काय लिवायचं?"

"तुला मानसं पायजेत न्हवं? मग माग की."

भाऊंनी कीबोर्डवरचं बोट उचललं. एकदा माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या गाळणीत बघितलं. मला वाटलं, आता उठणार आणि जाणार. त्यांची मान लाल झाली होती. मग त्यांनी बोट पुढं केलं आणि लिहिलेलं एकेक अक्षर करत पुसून टाकलं. पुन्हा लिहायला लागले, या खेपेला कुणाला न विचारता. "शुक्रवारी माझं भात काढायचं आहे. मला माणसं पाहिजेत. जमेल त्यांनी या. जेवण माझ्याकडं. हनुमंत."

"असं कदी म्हन्लो न्हवतो मी," घाम पुसत ते म्हणाले.

"म्हाईती हाय," आबा म्हणाले. "आता त्ये बटन दाब."

भाऊंनी बटण दाबलं, खिशातून फोन काढून स्वतःचं पान उघडलं, दोनदा वाचलं आणि फोन हातात धरूनच चढण उतरायला लागले. ते ओट्यावरून उतरल्याबरोबर आबा खुर्चीत बसले. मला काही विचारलं नाही. त्यांचं बोट भाऊंपेक्षा पुष्कळ सराईत. भाऊंच्या मजकुराखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. मी माझ्या फोनवर वाचलं, "मी येतो. विळा माझा मी आणतो. कोंडाजी गेणू."

या घरातून पिढ्यान् पिढ्या जगाचं बोलणं बाहेर पडलं असेल, पण आपलं स्वतःचं, आपल्या नावानिशी, गावाला सांगितलेलं हे पहिलंच. मी आबांना तसं म्हणणार, तेवढ्यात खालून आरोळी आली. अर्ध्या उतारावर हनुमंतभाऊ फोन नाकाशी धरून उभे होते.

"कोंडाजी! इळा आनू नगंस! लय हायेत घरी!"

आबा ताडकन उठले आणि ओट्याच्या कडेला जाऊन तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "वरडतोस कशाला? वर ये अन् लिव!"

भाऊंनी आमच्या ओट्याकडं बघितलं, खालच्या रस्त्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला. मग धोतराचा सोगा सावरून, हसत आणि शिव्या देत, पुन्हा चढण चढायला लागले.